नाताळच्या सुटीत बोटीवर चार रात्री

क्रूझवरून परत आल्यापासून आमच्या वसाहतीत आम्हाला तीन प्रश्न विचारले जातात. खर्च किती आला, हा पहिला. बोट लागली का, हा दुसरा. तिसरा प्रश्न बायका जरा बाजूला घेऊन विचारतात. तो असा की, खाली एवढे पाणी आहे हे ठाऊक असताना रात्री झोप कशी लागते? जिन्यात, रेशनच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात तीच तीच उत्तरे देऊन झाली. आता येत्या नाताळात जाण्याच्या विचाराने दोन-तीन कुटुंबे घरी येऊन बसू लागली आहेत. तेव्हा सगळे एकदा लिहूनच टाकावे असे आम्हा उभयतांना वाटले.

आम्ही गेलो ते २०२३ सालच्या डिसेंबरात. २३ तारखेला संध्याकाळी मुंबईहून निघालो, २५ ला म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर उतरलो आणि २७ ला सकाळी पुन्हा मुंबईच्या धक्क्याला लागलो. कंपनीचे आणि जहाजाचे नाव देत नाही. आम्हाला जाहिरातही करायची नाही आणि उणीदुणीही काढायची नाहीत.

बोटीवर जावे असे घरात दोघांच्या मनात होते, आणि दोघांची कारणे अगदी वेगळी होती.

एक म्हणजे आई. आमच्यापैकी एकाच्या आई, दुसऱ्याच्या सासूबाई, पण घरात दोघेही आईच म्हणतो. वय सत्त्याहत्तर, गुडघे दुखरे. माहेर जयगडच्या खाडीकाठचे. कोकण रेल्वे पुरी झाली १९९८ साली. त्याच्या कितीतरी आधी, रस्ते धड नव्हते तेव्हा, कोकणातल्या माणसाची मुंबईची वाट समुद्रातूनच होती. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत पणजीला जायची. पावसाळ्यात बंद. १९८० च्या दशकात ती प्रवासी बोट कायमची थांबली. आईंनी तो प्रवास डेकवर गोधडी अंथरून केलेला, पहिल्या बाळंतपणाला जातानाही आणि तान्हे मूल घेऊन येतानाही. वडील गोदीत कामाला होते. जहाजांच्या पोटात उतरून त्यांनी आयुष्यभर माल काढला, पण जहाजात एक रात्र झोपण्याचा योग त्यांना कधी आला नाही. ते गेल्यानंतर आई एवढेच म्हणायच्या, "एकदा पुन्हा बोटीत बसायचं होतं."

दुसरा आमचा मुलगा. बारावी झाला आणि हॉटेल मॅनेजमेंट करून जहाजावर नोकरी करायची म्हणाला. गल्लीतला एक मुलगा परदेशी जहाजावर लागला होता, त्याच्या घरी फ्रीज आला, रंग लागला, बहिणीचे लग्न झाले. हे सगळे मुलाने पाहिलेले. त्यातच एक एजंट भेटला. तीन लाख भरा, सहा महिन्यांत मुलगा जहाजावर, असे त्याने आमच्याच खुर्चीत बसून, आमचाच चहा पिऊन सांगितले. मुलगा तयार होता. आम्ही दोघे रात्री जागून हिशेब करत होतो. आमच्यापैकी एकाची नोकरी त्याच वर्षी संपली होती आणि हाती थोडी रक्कम आली होती. शेवटी ठरले की, पैसे देण्याआधी जहाज डोळ्यांनी पाहू. आईंची इच्छाही पुरी होईल. अशा प्रकारे आम्ही पाच जण, धाकटी मुलगी धरून, नाताळच्या गर्दीत बोटीवर चढलो.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. सगळे मिळून दोन लाखांच्या आसपास गेले. जाहिरातीतला दर हा दरमाणशी असतो आणि तोही एका खोलीत दोघे राहतील असे धरून सांगितलेला असतो. बंदराचे शुल्क आणि कर त्यावर चढतात. एकट्याने जाणाऱ्याला बहुतेक दोघांच्या खोलीचे भाडे पडते. हाच प्रवास डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुष्कळ स्वस्त होता. नाताळ ते नववर्ष हे दिवस वर्षातले सर्वांत महाग. शाळा-कॉलेजांना सुटी तेव्हाच असते, कंपन्यांना हे ठाऊक असते, आणि आपल्यालाही त्यांना ते ठाऊक आहे हे ठाऊक असते. जायचे असेल तर पाच-सहा महिने आधी ठरवावे.

खोल्या तीन तऱ्हेच्या. आतली, म्हणजे जिला खिडकीच नाही. दुसरी गोल किंवा चौकोनी बंद काचेची. तिसरी गच्चीची. आम्ही मुलांसाठी आतली घेतली आणि आईंबरोबर आमच्यासाठी खिडकीची. आतली खोली दिवा मालवला की दिवसासुद्धा काळीकुट्ट. तरुण मुलांना चालते, ती खोलीत थांबतातच कुठे! म्हाताऱ्या माणसाला मात्र खिडकी हवी, सकाळ झाली की नाही हे कळायला.

तिकिटात झोपणे, तिन्ही त्रिकाळ जेवणखाण, पोहण्याचा तलाव आणि करमणुकीचे बरेच कार्यक्रम येतात. थंड पेये, दारू, इंटरनेट, खास उपाहारगृह, मालिश, फोटो, डॉक्टरची तपासणी आणि औषध, हे सगळे वेगळे. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळते. तेच खोलीचे कुलूप उघडते आणि त्यावरच खर्चही मांडला जातो. वाण्याकडच्या वहीसारखे आहे हे. रोख पैसा खिशातून जात नाही म्हणून तो जातो आहे हे समजत नाही. आम्ही मुलांच्या कार्डांवर पहिल्याच दिवशी मर्यादा घालून घेतली. स्वागतकक्षात सांगितले की होते. आपली नेहमीची औषधे चार दिवसांच्या दुप्पट घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या खोलीशी पोचायला संध्याकाळ होते. घरचे खाण्याचे डबे आत नेऊ देत नाहीत. भाकरी-चटणी बांधून नेण्याचा आईंचा बेत तिथेच बारगळला.

धक्क्यावर आमचे तीन तास गेले. बॅगांची तपासणी, ओळखपत्रे, आरोग्याचा फॉर्म, फोटो, कार्ड. नाताळात ही रांग लांबतेच, हे धरून चालावे. म्हाताऱ्या माणसासाठी चाकाची खुर्ची आधी कळवली तर मिळते. आई खुर्चीत बसायला तयार नव्हत्या, पण तिसऱ्या रांगेत स्वतःहून बसल्या.

बोट सुटण्यापूर्वी कवायत होते. सात लहान आणि एक लांब भोंगा वाजला की कुठे जमायचे, जाकीट कसे बांधायचे, ते दाखवतात. पुष्कळ लोक ही कवायत चुकवून तलावाकडे पळू बघतात. २०१२ सालच्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आपटले आणि ३२ माणसे गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. आईंना हे सगळे समजावून सांगावे लागले नाही. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा त्या जेमतेम वर्षाच्या. पण पुढे कितीतरी वर्षे बोटीत पाय ठेवताना घरची थोरली माणसे 'रामदास'चे नाव काढत. आईंनी जाकिटाचा पट्टा दोनदा बांधून, दोनदा सोडून पाहिला आणि मग नातीचा बांधला.

बोट लागली का? मुलीला थोडी लागली, बाकी कोणाला नाही. डिसेंबरात आपल्या बाजूचा समुद्र पावसाळ्याच्या मानाने शांत असतो. तरी हमी कोणी देऊ शकत नाही. २०१७ साली ओखी वादळ डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात लक्षद्वीपवरून गेले होते. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही अंगांना पंखांसारखे फलक असतात, ते डोलणे कमी करतात. खोली शक्यतो खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घ्यावी. एसटीत पुढच्या-मागच्यापेक्षा मधल्या बाकावर कमी आदळते, तसेच हे. ॲवोमिनसारखी गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यावी लागते. तिने झोप येते, म्हणून वयस्कर माणसाने आणि इतर औषधे चालू असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मुलीला आम्ही उघड्या डेकवर नेले, दूर आभाळ टेकते तिथे नजर लावून बसवले, कोरडी बिस्किटे दिली. तासाभरात तिला भूक लागली.

झोपेचे म्हणाल तर पहिल्या रात्री आम्हा दोघांनाच लागली नाही. जमिनीतून एक बारीक घरघर सतत येत राहते. आई मात्र गाढ झोपल्या. सकाळी म्हणाल्या, "लालबागला राहत होतो तेव्हा गिरणीची अशीच घरघर यायची रात्रभर. ती थांबली की जाग यायची." दुसऱ्या रात्रीपासून आम्हालाही ती सवयीची झाली.

मुंबईचे दिवे मागे पडले की काही तासांत फोनही मुका होतो. त्यानंतर फोन एरोप्लेन मोडवर टाकावा. जहाजाचे स्वतःचे नेटवर्क फोन पकडतो आणि बिल भलतेच येते.

चोवीस तारीख अख्खी समुद्रात. जहाजाच्या मधल्या चौकात तीन मजले उंच झाड उभे केले होते, कापसाचा बर्फ, चांदण्या, घंटा. केक तऱ्हेतऱ्हेचे. दुपारी सांता आला, लहान मुलांना पुड्या वाटल्या आणि त्या मिळवण्यासाठी आयांनी जी ढकलाढकली केली ती पाहून सांताच दोन पावले मागे सरला. ज्यांना नाताळ हा भक्तीचा सण म्हणून अनुभवायचा आहे त्यांनी बोटीवर येऊ नये. तिथे तो गाण्याबजावण्याचा आणि खाण्याचा सण आहे. रात्री वरच्या डेकवर दोन वाजेपर्यंत कर्णे चालू होते. आमच्या खोल्या खाली होत्या म्हणून वाचलो. वरच्या मजल्यावरची मंडळी सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी नाश्त्याला आली. जुगाराचेही एक दालन आहे. आम्ही दारातून पाहिले. तिथे हसणारे कोणी दिसले नाही.

जेवणाला दोन तऱ्हा. एक हाताने वाढून घेण्याची, दुसरी टेबलावर बसून. नाताळात पहिल्या तऱ्हेला रांग इतकी की लोक मिळेल ते आणि दिसेल ते ताटात रचतात आणि निम्मे टाकतात. ताटातले टाकायचे नाही, या शिस्तीत वाढलेल्या माणसाला ते बघवत नाही. शाकाहारी आणि जैन जेवण वेगळे असते. मासे ठीक, कालवणात कोकम नव्हते. अर्धा तास उशिरा गेलात तर रांग नसते आणि पदार्थही संपलेले नसतात.

आम्ही दुसऱ्या तऱ्हेने जेवलो, आणि त्यामुळेच एका माणसाशी ओळख झाली. आमच्या टेबलाचा वाढपी गोव्याचा, ख्रिस्ती, पन्नाशीकडे झुकलेला. चौदा वर्षांत अकरा नाताळ त्याने पाण्यावर काढले होते. चोवीसच्या सकाळी चहा ओतताना तो डाव्या हाताच्या खिडकीकडे बघून म्हणाला, "आत्ता तिकडे गोवा आहे." दिसत काहीच नव्हते, किनारा शंभर किलोमीटरच्याही पलीकडे असेल. घरी बायको, दोन मुली, म्हातारी आई. फोनला रेंज नाही. मुलाने विचारले, "मग तुम्ही नाताळ कधी करता?" तो म्हणाला, तुमचे जेवण आटोपले, टेबले पुसून उद्याच्या नाश्त्याची मांडणी झाली की रात्री एक वाजता आम्ही काही जण खाली आमच्या जेवणघरात जमतो. कोणी तरी प्रार्थना म्हणते, दोन गाणी म्हणतो, केकचा तुकडा खातो आणि झोपतो. सकाळी साडेपाचला पुन्हा ड्युटी. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. गोव्याच्या घराघरातून माणसे जहाजांवर गेली आहेत, त्याचे वडीलही गेले होते. नाताळला बाप घरी नसणे त्याला लहानपणापासून ठाऊक होते.

आमच्या खोल्या साफ करणारा मुलगा देवगडकडचा निघाला. मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला. आईंनी त्याला लगेच गाव, आडनाव, आईवडील सगळे विचारून घेतले आणि रोज त्याच्यासाठी टेबलावरचे एखादे फळ बाजूला ठेवू लागल्या. तो ते घ्यायचा नाही, नियम नव्हता. मुलगा त्याच्या मागे मागे फिरला. जे आम्ही सांगून त्याला पटले नसते ते त्याने त्याच्याच वयाच्या मुलाकडून ऐकले. करार नऊ महिन्यांचा. त्यात आठवड्याची सुटी नाही. पाण्याच्या रेषेखाली खोली, त्यात दोघे किंवा चौघे, खिडकीचा प्रश्नच नाही. भारतानेही २०१५ साली मान्य केलेल्या सागरी श्रमिक कराराप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजे उलटा हिशेब केला तर दिवसाला चौदा तासांपर्यंत काम कायदेशीर ठरते. पण पगारातले खर्चायला जागाच नाही, म्हणून पैसे घरी जातात. त्याने दोन करारांत वडिलांचे कर्ज फेडले होते. "वाईट नाही रे," तो मुलाला म्हणाला, "पण फोटोत दिसतं ते नाही."

एजंटाचे नाव काढताच तो हातातली चादर ठेवून उभा राहिला. त्याच्या गावच्या एकाचे पैसे असेच बुडाले होते. त्याने जे सांगितले ते आम्ही परत आल्यावर तपासून घेतले आणि ते खरे निघाले. आपल्या देशात जहाजावर माणसे भरणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याचा क्रमांक असतो, आणि परवानाधारक संस्थांची यादी कोणालाही पाहता येते. नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेणे नियमाने बंद आहे. खर्च येतो तो प्रशिक्षणाचा, वैद्यकीय तपासणीचा आणि सीडीसीचा, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकाचा. पाण्यात जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार असे सुरुवातीचे अभ्यासक्रम असतात, ते मान्यताप्राप्त संस्थेतून करावे लागतात. हे आम्ही इथे सविस्तर लिहिले, कारण क्रूझला जाणारी घरे थोडी, पण एजंट दारात आलेली घरे पुष्कळ असतील.

पंचवीसच्या सकाळी जाग आली तेव्हा घरघर थांबली होती. आईंना अर्थातच आमच्या आधी आली. खिडकीबाहेर समुद्र गडद निळा, त्याच्या पलीकडे एक फिकट हिरवा पट्टा, आणि त्याहून पलीकडे नारळांची एक लांब रेघ. एवढे मोठे जहाज बेटाच्या धक्क्याला लागू शकत नाही. ते बाहेर उभे राहते आणि लहान बोटींनी माणसे नेतात. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परवाना लागतो, तो कंपनी काढते. मात्र कागदपत्रे आणि फोटो वेळेत पाठवावे लागतात. आणि एक गोष्ट तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असते : समुद्र खवळलेला असेल तर उतरणे रद्द होते आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला लहान बोटीत घेत नाहीत. स्वतःच्या पायांनी उतरता आले पाहिजे.

खालच्या दाराशी आमची रांग आली तेव्हा पुढचे दृश्य पाहून आमचाच धीर सुटला. जहाज स्थिर, पण लहान बोट हातभर वर येत होती आणि हातभर खाली जात होती. मधल्या फटीतून पाणी दिसत होते. अधिकाऱ्याने आईंकडे पाहिले, मग आमच्याकडे. आई पडल्या तर? या वयात खुब्याचे हाड मोडले तर काय होते हे आम्ही घरात पाहिलेले आहे. आम्ही म्हणालो, "आई, आपण वरूनच बघू या, मुले जाऊन येतील." त्यांनी उत्तर दिले नाही. पदर खोचला, काठी नातीच्या हातात दिली आणि नातवाला म्हणाल्या, "तू आधी उतर." मग दारात उभ्या राहून त्यांनी दोन लाटा नुसत्या जाऊ दिल्या. खलाशी हात पुढे करून घाई करत होता. तिसऱ्या लाटेला बोट वर आली, क्षणभर थांबली, तेवढ्यात आईंनी पाऊल टाकले. ती खाली जाऊ लागली तेव्हा त्या नातवाच्या शेजारी फळीवर बसलेल्याही होत्या. जयगडला बोट खाडीत उभी राही आणि पडावातून माणसे काठाला नेत, ते आम्ही शंभरदा ऐकले होते. पडाव वर आला की पाय, खाली गेला की थांब. ते पाय पन्नास वर्षांनी विसरलेले नव्हते. आम्हाला दोघांना मात्र त्या खलाशाने काखेत धरून उतरवले.

अगत्तीवर नाताळ नव्हता. लक्षद्वीपची वस्ती जवळजवळ सगळी मुसलमान, बोली मल्याळम. छत्तीस बेटे, त्यांतली वस्तीची दहा, आणि सगळ्यांची जमीन मिळून अवघे बत्तीस चौरस किलोमीटर. त्या दिवशी तिथली दुकाने उघडी, मुले सायकलींवर, एक आजोबा सुतळी वळत बसलेले. जहाजावर रात्रभर नाचून आलेली माणसे लाल टोप्या घालून उतरली आणि त्या शांत रस्त्यावर त्यांनीच हळूहळू टोप्या काढून खिशात घातल्या. बेटावर दारूबंदी आहे. पोवळ्याचा तुकडा किंवा प्रवाळ उचलून आणणे गुन्हा आहे, नुसत्या वाळूत पडलेला दिसला तरी. आतल्या उथळ पाण्यात काच ठेवल्यासारखा तळ दिसतो. काचेच्या तळाची बोट मिळते, मुलांना तोंडाला नळी लावून पोहवतात. म्हाताऱ्या माणसांसाठी नारळाच्या सावलीत खुर्च्या होत्या. आईंनी शहाळे घेतले आणि खुर्चीऐवजी वाळूत पाय सोडून बसल्या.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. २०११ च्या शिरगणतीत अगत्तीची वस्ती साडेसात हजारांच्या आसपास होती. तिथे नदी नाही, ओढा नाही. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प त्याच साली तिथे सुरू झाला. अशा ठिकाणी एका सकाळी आमच्यासारखे शेकडो लोक उतरतात. पाण्याची बाटली जहाजावरूनच भरून न्यावी आणि रिकामी परत आणावी. हात-पाय धुवायला तिथल्या नळाखाली उभे राहण्याची सवय सोडावी. पाण्यासाठी हंडे घेऊन उभे राहण्याचे दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांना हे जास्त सांगायला नको.

परतीचा दिवस लांबतो. सगळे खेळ पाहून झालेले असतात, जीभ विटलेली असते, मुले कंटाळतात. पुस्तक, पत्ते, विणकाम काहीतरी जवळ ठेवावे. आई दिवसभर डेकवर एका कोपऱ्यात बसून होत्या. देवगडचा मुलगा त्याच्या सुटीच्या अर्ध्या तासात त्यांच्याशी बोलून गेला. काय बोलले ते आम्हाला सांगितले नाही. रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचे कपडे आणि दात घासायचा ब्रश वेगळा काढून ठेवावा. आमच्या शेजारच्या खोलीतले गृहस्थ पायजम्यावर मुंबईत उतरले. कार्डाचे बिल आदल्या रात्रीच मागून ओळीने तपासावे, सकाळी तिथे रांग असते. नोकरांची बक्षिसी काही जहाजांवर तिकिटात धरलेली असते, काहींवर शेवटच्या बिलात लावतात. ते आधी विचारावे, आणि तरीही ज्याने आपली खोली झाडली त्याच्या हातात वेगळे काही द्यावे.

सत्तावीसला सकाळी आम्ही उतरत होतो तेव्हा धक्क्यावर दुसऱ्या बाजूला भाज्यांच्या पेट्या आणि खुर्च्या चढत होत्या. त्याच संध्याकाळी जहाज पुढच्या प्रवाशांना घेऊन निघणार होते. देवगडचा मुलगा आमच्याच मजल्यावर चादरींचा ढीग ओढत होता. त्याला दुपारपर्यंत सगळ्या खोल्या तयार करायच्या होत्या. आमच्या मुलाने त्याला एक टोक धरून मदत करू लागताच त्याने हसून हात बाजूला केला आणि म्हणाला, "तू आज पाहुणा आहेस."

मुलाने त्या वर्षी हॉटेल मॅनेजमेंटला प्रवेश घेतला. जहाजावर जायचे की नाही हे त्याने ठरवलेले नाही आणि आम्ही विचारत नाही. एजंट मात्र जानेवारीत पुन्हा आला. मुलानेच त्याला खुर्ची दिली, पाणी दिले आणि परवान्याचा क्रमांक विचारून वही-पेन घेऊन समोर बसला. गृहस्थांना एकाएकी दुसरीकडे जायचे आठवले. चहा झालेला होता, तो आईंनी घेतला.